सातची घंटा : टीव्ही बंद ठेवायला निघालेल्या एका गावाचं प्रकरण

रोज संध्याकाळी सात ते साडेआठ गावातला प्रत्येक टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचा, असं सांगली-सातारा पट्ट्यातल्या एका गावानं ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरवलं. तीन महिने पुरे व्हायच्या आत ते मोडलं. मी याच गावात राहतो. माध्यमिक शाळेतून निवृत्त झालोय आणि या उपक्रमाच्या समितीत होतो. म्हणजे पुढे ज्या चुका मांडल्यात, त्यातल्या निदान निम्म्या माझ्या सहीनिशी झालेल्या आहेत. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. आसपासच्या दोन-चार गावांना हे आपलंच वाटलं, तर तेही चालेल.

पार्श्वभूमी

गावात ऊस आहे, दूध आहे, आणि दिवस दुधाच्या वेळांवर चालतो. संध्याकाळचं संकलन सातपर्यंत उरकतं. बायका साडेसहाला रानातून येतात, धार काढतात, चूल नाहीतर गॅस पेटवतात. पुरुष किटल्या घेऊन डेअरीवर जातात आणि परतीच्या वाटेवर पारावर थांबतात. पोरं या दोन्हींच्या मधे कुठंतरी असतात.

आमच्याकडं पहिला टीव्ही ग्रामपंचायतीच्या ओट्यावर आला, लाकडी दारांच्या कपाटात बंद, किल्ली शिपायाकडं. संध्याकाळी 'आमची माती आमची माणसं' लागलं की म्हातारे शेतकरी पुढच्या रांगेत बसत. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण सुरू झालं, तेव्हा त्याच ओट्याखाली चपलांचा ढीग पडायचा. तो काळ फार चांगला होता असं मी म्हणत नाही. ओट्यावर कुणी बसायचं आणि कुणी लांब उभं राहून बघायचं, हे तेव्हाही ठरलेलं होतं. एवढं मात्र खरं की त्या टीव्हीनं माणसं घराबाहेर आणली.

पुढं घरोघर टीव्ही झाले. १९९९-२००० च्या सुमारास खासगी मराठी वाहिन्या आल्या आणि संध्याकाळ मालिकांची झाली. मग गावात डिशच्या छत्र्या उगवल्या, काही रिचार्जवाल्या, काही फुकटातल्या. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद पडल्या आणि ज्या घरात पोराच्या हातात मोबाईल द्यायला बंदी होती, त्याच घरानं गाय विकून नाहीतर उसनवारी करून 'अभ्यासाचा मोबाईल' घेतला. शाळा पुन्हा उघडल्या, पण मोबाईल काही पोरांच्या हातून परत आला नाही.

२०२२ च्या सप्टेंबरात एक बातमी आली. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव. तिथं १५ ऑगस्टपासून संध्याकाळी सातला मंदिरावरचा भोंगा वाजू लागला होता आणि दीड तास घरोघरचे टीव्ही, मोबाईल बंद व्हायचे. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला होता. तो राज्यभर गाजला आणि सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगितलं. एका गावाच्या ठरावाची बातमी होते आणि त्या बातमीतून दुसऱ्या गावाचा ठराव जन्मतो, असं ते वर्ष होतं. आमच्या सरपंचांनी वडगावची बातमी पाहिली आणि मला फोन केला, "गुरुजी, बातम्या लावा, लगेच." टीव्ही बंद करायची कल्पना आम्हाला टीव्हीनंच दिली, हा विनोद तेव्हा कुणाच्याच ध्यानात आला नाही.

अडचण नेमकी कुणाची होती

प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंची तक्रार सगळ्यात जुनी. तिसरीच्या वर्गात त्या घड्याळ शिकवत होत्या. पुठ्ठ्याच्या घड्याळावर काटे फिरवायचे आणि मुलांनी किती वाजले ते सांगायचं. साडेसातवर काटे लावले तर वर्गातून एका मालिकेचं नाव आलं. आठवर लावले तर दुसऱ्या मालिकेचं. काटे कसे वाचायचे ते पोरांना येत नव्हतं, पण कुठल्या वेळेला काय लागतं ते चोख पाठ होतं. बाई हे सांगताना हसत होत्या. पुढं मात्र त्या म्हणाल्या की गृहपाठ विचारला की हीच मुलं खाली बघतात.

वारकरी मंडळींचं दुखणं वेगळं होतं. हरिपाठाला माणूस येत नाही. ग्रामसभेला गणसंख्या भरत नाही, सभा तहकूब करून पुन्हा घ्यावी लागते. त्यांच्या मते दोन्हींचं कारण टीव्ही. माझ्या मते ग्रामसभेचं कारण ग्रामसभाच होती, पण ते असो.

तिसरी बाजू सरपंचांची. ग्रामपंचायतीची मुदत संपत आली होती, निवडणूक तोंडावर होती आणि पाच वर्षांत दाखवण्यासारखी कामं थोडी. ते वाईट माणूस नव्हेत. त्यांना पोरांची काळजी खरोखर होती आणि निवडणुकीचीही होती. या दोन्ही गोष्टी एका माणसात सुखानं नांदू शकतात.

तीन माणसांची तीन दुखणी आणि त्यावर आम्ही एकच औषध काढलं. मुलांचं अभ्यासाला न बसणं, मोठ्यांचं एकत्र न येणं आणि गावाला काहीतरी करून दाखवायचं असणं यांची कारणं वेगवेगळी होती. त्या वेळी ती कुणी सुटी करून पाहिली नाहीत.

कुठले पर्याय चर्चेत आले

समितीची पहिली बैठक ग्रामपंचायतीत झाली. सरपंच, उपसरपंच, पोलीस पाटील, मुख्याध्यापिकाबाई, तरुण मंडळाची दोन पोरं आणि मी.

उपसरपंचांचं म्हणणं दंड लावा. ग्रामसेवकांनी ते तिथंच खोडलं. माणसानं आपल्या घरात टीव्ही कधी लावावा यावर दंड करायचा अधिकार ग्रामपंचायतीला नाही. ठराव करा, पण तो विनंतीचा करा. मग तरुण मंडळातल्या एकानं तोडगा काढला, "वायरमनला सांगू, दीड तास डीपीच पाडायचा. नो टेन्शन." यावर खरोखर पंधरा मिनिटं चर्चा झाली. डेअरीच्या दुधाचा कूलर, पिठाची गिरणी आणि एका घरातलं ऑक्सिजनचं मशीन ही तीन नावं निघाली, तेव्हा ती थांबली.

बाईंचा प्रस्ताव साधा होता. शाळेचे दोन वर्ग संध्याकाळी उघडायचे, दिवे आणि पंखे चालू ठेवायचे, दोन माणसं बसवायची. ज्याला अभ्यास करायचा तो येईल. घरच्या टीव्हीला हात लावायचा नाही. हे ऐकून सरपंच म्हणाले, "बाई, यात गावानं काय केलं?" प्रश्न त्यांच्या जागी बरोबर होता. दोन खोल्या उघडल्याची बातमी होत नाही. मीही मान डोलावली. एवढा सरळ पर्याय आम्ही कल्पना छोटी वाटते म्हणून सोडला. माझ्या हिशेबानं ही पहिली चूक.

उरला भोंगा. त्यावर वेगळाच घोळ झाला. त्या वर्षी एप्रिलपासून मशिदींवरच्या भोंग्यांचं राजकारण पेटलेलं होतं आणि 'भोंगा' हा शब्द टीव्हीवर दिवसरात्र वाजत होता. गावात मुसलमानांची घरं थोडी आहेत, पण आहेत, आणि मगरिबची, म्हणजे सूर्यास्तानंतरची, अजानही संध्याकाळीच होते. मंदिरावर भोंगा बसवायचा म्हटल्यावर पोलीस पाटील म्हणाले, "वस्तू तीच आहे, पण नाव काढलं की माणसं टीव्हीतलं बोलायला लागतात. नको." शेवटी शाळेची पितळी घंटा घ्यायचं ठरलं. ती शाळेच्या ओट्यावरून बडवायची. आवाज अख्ख्या गावात पोचतो आणि कुणाच्या देवाचा नाही. आमच्या सगळ्या निर्णयांत मला आजही अभिमान वाटावा असा हा एकच.

महिलांची सभा

कायद्यानं ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. ती १ ऑक्टोबरला दुपारी झाली. तिथं काय बोललं गेलं आणि कागदावर काय गेलं, या दोन्हींचा मी साक्षीदार आहे.

एक बाई म्हणाली, "सातला आम्ही चुलीपुढं असतो. भाकरी थापता थापता ऐकतो तेवढंच. ते पण बंद?" कुणीतरी सुचवलं, हीच मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी परत लागते की. ती म्हणाली, "दुपारी तुमच्या उसात कोण असतंय?" हशा पिकला. मग मागून एक आवाज आला, जरा वरच्या पट्टीतला, "आमचा टीव्ही बंद करा, चालंल. पारावरचे पत्ते पण बंद करणार का? आन् मालकाच्या हातातला मोबाईल कोण काढून घेणार, घंटा?"

इतिवृत्तात ओळ गेली : 'उपस्थित महिलांनी उपक्रमास एकमताने पाठिंबा दिला.' मी ती वाचली आणि काही बोललो नाही. पाठिंबा खोटा नव्हता. पोरांनी अभ्यास करावा असं त्या प्रत्येकीला वाटत होतं. पण दिवसभरात त्यांच्या वाट्याला येणारा विरंगुळा त्या दीड तासात होता आणि तोही हात कामात गुंतलेले असताना. तो घेताना बदल्यात काय देणार, याचं उत्तर आमच्याकडं नव्हतं. सातऐवजी वेळ साडेआठ ते दहा करावी, असं दोघींनी सुचवलंही होतं. वडगावनं सात ठेवले म्हणून आम्हीही सातच ठेवले.

दुसऱ्या दिवशी, २ ऑक्टोबरला ग्रामसभेत ठराव झाला आणि संध्याकाळी पहिली घंटा वाजली. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. म्हणजे टीव्ही महाराष्ट्रात आला त्याला बरोबर पन्नास वर्षं झाली, त्या संध्याकाळी आम्ही तो बंद केला. हा योगायोग मला नंतर कळला, नाहीतर सरपंचांच्या भाषणात नक्की आला असता.

पहिले पंधरा दिवस

ते पंधरा दिवस खरंच चांगले गेले आणि मी ते विसरलेलो नाही. घंटा झाली की गल्लीतला निळा उजेड एकेका खिडकीतून जायचा. दोन-तीन मिनिटांत इतकी शांतता पडायची की भाकरी थापल्याचे आवाज एका घरातून दुसऱ्या घरात ऐकू यायचे. पलीकडच्या घरात म्हातारा खोकतो हे मला तेव्हा कळलं. पोरं ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायची आणि एकाचं चुकलं की समोरच्या ओट्यावरून दुसरा दुरुस्त करायचा.

एक अडचण मात्र पहिल्याच आठवड्यात निघाली. गृहपाठ शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर यायचा आणि शिक्षक तो टाकायचे घरी पोचल्यावर, सातच्या सुमाराला. मोबाईल बंद ठेवा म्हणायचं आणि अभ्यास मोबाईलवर पाठवायचा! बाईंनी गृहपाठ शाळा सुटायच्या आत फळ्यावर लिहायला सुरुवात केली. पैसा लागला नाही, ठराव लागला नाही, आणि आजपर्यंत टिकलाय तो हाच बदल.

दिवाळीच्या तोंडावर, २३ ऑक्टोबरला, भारत-पाकिस्तान सामना आला. नशिबानं तो मेलबर्नला होता, म्हणजे आपल्याकडं दुपारी दीडला सुरू. संध्याकाळचा असता तर हे प्रकरण इथंच संपवता आलं असतं.

पाळत

बंद होतंय की नाही हे बघायचं कुणी? इथं दुसरी मोठी चूक झाली. तरुण मंडळानं सहावी-सातवीच्या पोरांच्या जोड्या केल्या. त्यांनी गल्लीतून फिरायचं आणि टीव्ही चालू दिसला तर वहीत घर लिहायचं. आधी ती वही मंडळातच राहायची. मग एके दिवशी कुणीतरी त्या पानाचा फोटो गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला.

त्या यादीत आक्कांचं घर होतं. आक्का एकट्या राहतात, मुलगा मुंबईत माथाडी कामगार. पोरं दारात गेली तेव्हा टीव्ही चालू होता, पण मुका. आक्का अंधारात त्याच्यासमोर बसलेल्या. म्हणाल्या, "आवाज बंद केलाय बाळा. चित्र तेवढं राहू दे." पोरांनी नियमाप्रमाणं लिहून घेतलं. मुलानं मुंबईत ग्रुपवर आपल्या आईचं नाव वाचलं आणि सरपंचांना फोनवर जे काही ऐकवलं, ते मी इथं लिहू शकत नाही.

दुसऱ्या दिवशी समिती बसली. समोर दोन मार्ग होते. एक, पाळत पूर्ण बंद करायची. दुसरा, ती चालू ठेवायची आणि म्हातारी, आजारी, एकटी माणसं वगळायची. आम्ही दुसरा धरला, कारण पाळत काढली तर कुणी ऐकणार नाही अशी भीती होती. कोण एकटं, कोण आजारी याची आणखी एक यादी करावी लागली, आणि त्या यादीवरून नवीन रुसवे. ज्या घरात पोरंच नाहीत, त्या घरानं कुणाच्या अभ्यासासाठी टीव्ही बंद करायचा, असं एकानं पारावर विचारलं. तिथं बसलेल्या आम्हा समितीवाल्यांना पटेल असं उत्तर देता आलं नाही.

कॅमेरा आला

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तालुक्याच्या एका बातमीदाराचा सरपंचांना फोन आला. एका वाहिनीला ही बातमी हवी होती. समितीत मी एकटाच जरा थांबा म्हणालो. एक महिना झालाय, अजून घडी बसलेली नाही. पण मी ते एकदाच म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही गाव टीव्हीवर बघायचं होतं.

गाडी साडेचारला आली. बातमीदार पोरगा चांगला होता, घाईत होता आणि त्याला अंधार पडायच्या आत उरकायचं होतं. सात वाजता चित्र काळं येईल म्हणाला. म्हणून त्या दिवशी सातची घंटा सव्वापाचला वाजली. गल्लीतल्या बायका दचकून बाहेर आल्या, "आज काय झालं? कोण गेलं?" पोरांना दप्तरं घेऊन मारुतीच्या पायऱ्यांवर बसवलं. त्यातल्या एकाच्या हातात पुस्तक उलटं होतं, ते कॅमेरामननं सरळ केलं.

घरातल्या चित्रणासाठी एक घर निवडलं. फरशी बसवलेलं, भिंतीला नवा रंग. त्या घरच्या सूनबाईंनी रिमोट घेऊन टीव्ही बंद करायचा होता. पण घंटा सव्वापाचची असल्यानं घरात टीव्ही चालूच नव्हता. आधी तो लावला, मग बंद केला. पहिल्यांदा त्या कॅमेऱ्याकडं बघून हसल्या. दुसऱ्यांदा रिमोटची बॅटरी रुसली. तिसऱ्यांदा जमलं. "टीव्ही बंद ठेवल्यावर कसं वाटतंय?" असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "चांगलं वाटतंय." त्यांचा नवरा मागं दारात उभा राहून मोबाईलवर हे सगळं टिपत होता.

बातमी दोन दिवसांनी लागणार होती, संध्याकाळच्या बुलेटिनमध्ये, साडेसातनंतर कधीतरी. म्हणजे आमच्याच बंदीच्या वेळेत. त्या दिवशी दुपारी सरपंचांनी समितीला विचारलं, "घंटा वाजवायची का?" आम्ही पाचजण होतो. बाईंनी वाजवायची म्हटलं. बाकी कुणी काही बोललं नाही, आणि त्या दिवशी घंटा वाजली नाही. गावातले सगळे टीव्ही चालू होते. ज्यांच्याकडं ती वाहिनी लागत नव्हती ते शेजारी गेले, पाराजवळच्या दुकानात गर्दी झाली, आणि कितीतरी वर्षांनी माणसं एका टीव्हीपुढं दाटीवाटीनं बसली. बातमी दीड-दोन मिनिटांची. आपला मारुती, आपली पोरं, आपली सूनबाई. टाळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सातला घंटा वाजली तेव्हा काही घरांतले टीव्ही बंद झाले, काही नाही झाले. ज्या घरात चित्रण झालं, तिथं चालू होता. मी विचारलं नाही, पण सूनबाईंनीच सांगितलं, "गुरुजी, आमचं झालंय की."

त्या शब्दांवर मी नंतर बराच विचार केला. 'झालंय.' काम पार पडलं. टीव्हीवर दिसलं म्हणजे ते घडून गेलं, आता ते रोज करायची गरज उरली नाही. मला वाटतं माध्यमांचा खरा वचक इथं असतो. मालिका बघून पोरं बिघडतात की नाही हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण एखादी गोष्ट दिसल्याशिवाय झाली असं वाटत नाही, आणि दिसली की पुन्हा करावीशी वाटत नाही, हे मी माझ्या गावात आणि माझ्यातही पाहिलं.

बातमीनंतरची पंचाईत

बातमीनं आणखी एक गोष्ट केली. तोपर्यंत आम्ही चुका दुरुस्त करू शकत होतो. वेळ बदलायची, पाळत काढायची, फक्त परीक्षेपुरतं ठेवायचं, असं काहीही करता आलं असतं. पण आता बाहेरगावचे फोन येऊ लागले. 'तुमचा पॅटर्न' विचारायला लोक येऊ लागले. एका गावचे सदस्य जीप करून आले आणि सातची घंटा बघायला थांबले, तेव्हा तरुण मंडळाची पोरं आधीच गल्ल्यांतून सांगत फिरली, "पाहुणे हाइत, आज बंद ठेवा." वेशीवर सरपंचांच्या फोटोचा फ्लेक्स लागला. अशा वेळी वेळ साडेआठ करू असं कोण म्हणणार?

नोव्हेंबरातच राज्यातल्या सात हजारांहून जास्त ग्रामपंचायतींच्या निवडणुका जाहीर झाल्या, त्यात आमची होती. मतदान १८ डिसेंबर. आचारसंहितेत फ्लेक्स उतरला, पण घंटा सरपंचांची झाली ती झालीच. सरपंच थेट जनतेतून निवडायचा होता आणि पद या वेळी महिलांसाठी राखीव होतं. सरपंचांच्या पत्नी उभ्या राहिल्या. विरोधी पॅनेलच्या प्रचारात रस्ता, पाणी आणि घंटा हे तीन विषय. त्यांच्या गल्लीत सात वाजता टीव्ही बंद होणं सोडाच, आवाज वाढायचा. कुणी टीव्ही बंद केला तर तो कुणाच्या बाजूचा हे शेजाऱ्याला कळायचं. मतदानाच्या आधीच्या आठवड्यात बाईंनी घंटा बडवायचा हातोडा काढून स्वतःच्या टेबलाच्या खणात ठेवला. कुणालाही न विचारता. मला वाटतं तो त्यांनी फार योग्य वेळी काढला.

सरपंचांच्या पत्नी हरल्या. नव्या बॉडीनं ठराव रद्द केला नाही आणि पाळलाही नाही. तो इतिवृत्तात आहे.

निष्पत्ती

जानेवारी २०२३ मध्ये बाईंनी त्यांचा जुना प्रस्ताव पुन्हा बाहेर काढला. या वेळी समिती नाही, ठराव नाही. शाळेच्या दोन खोल्या, सात ते साडेआठ. पोरांच्या तीन आयांनी पाळीपाळीनं बसायचं कबूल केलं, त्यात महिला सभेत पत्त्यांचा विषय काढणारी बाई होती. गणित-इंग्रजीला मी. दहावीची परीक्षा २ मार्चला सुरू होणार होती, त्यामुळं मोठी पोरं आली आणि त्यांच्या मागून धाकटी. मोबाईल दाराजवळच्या टोपलीत ठेवायचा एवढाच नियम. घरी टीव्ही चालू असला तरी आम्हाला काय.

ऑक्टोबरच्या त्या पहिल्या पंधरा दिवसांत जेवढी पोरं ओट्यांवर दिसायची, त्याच्या पाव हिश्शालाही खोल्यांतला आकडा पोचला नाही. मार्चअखेर दहावीवाले सुटले, ३१ मार्चला आयपीएल सुरू झालं, साडेसातला पहिला चेंडू, आणि मोठी पोरं गेली ती गेलीच. धाकट्यांतली काही राहिली. खोली एकच लागते आता.

पोरांचा अभ्यास यामुळं सुधारला का, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं पुरावा नाही. सुरू करायच्या आधी आम्ही काहीच मोजलं नव्हतं. कोण किती वाचतं, किती वेळ मोबाईल बघतं, घरात अभ्यासाला जागा आहे का, दिवा आहे का. टीव्ही किती घरांत चालू आहे एवढंच मोजलं, आणि तेही चोरून.

वेगळं काय करता आलं असतं

आज पुन्हा करायचं झालं तर मी ऑक्टोबरात बाईंच्या दोन खोल्यांपासून सुरुवात करीन. घंटा पुढं कधीतरी, लोकांनी मागितली तर.

महिला सभेत जे बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहायला लावीन. 'एकमताने पाठिंबा' या दोन शब्दांत वेळेचा प्रश्न, कामाचा प्रश्न आणि नवऱ्याच्या मोबाईलचा प्रश्न असे तिन्ही गाडले गेले. पाठोपाठ पुरुषांसाठीही एक अट हवी होती. पत्ते बंद म्हणत नाही मी, पण आठवड्यातून एक संध्याकाळ पोरांसोबत बसायची, एवढी मागता आली असती. टीव्ही बंद करण्याची सगळी झळ स्वयंपाकघराला लागली आणि पारावर काहीच बदललं नाही, हे बायकांनी पहिल्या दिवसापासून पाहिलं होतं.

पोरांना पहारेकरी करणं तर कुठल्याच हिशेबात बसत नाही. ज्यांच्यासाठी हे चाललं होतं, त्यांनाच आम्ही दुसऱ्याच्या खिडकीत डोकवायला शिकवलं.

कॅमेऱ्याबद्दल माझं मन अजून दोन्हीकडं ओढतं. वडगावची बातमी झाली नसती तर आम्हाला हे सुचलंच नसतं, हेही खरंय. बातमीदाराला दोष देता येत नाही. त्यानं मागितलं ते आम्ही दिलं, आणि त्यानं न मागितलेलंही दिलं. निदान सहा महिने थांबायला हवं होतं. आणि दिवस मावळायच्या आत घंटा वाजवा म्हटल्यावर, "सातलाच या, अंधारात जे दिसेल ते घ्या," एवढं म्हणायला हवं होतं. चित्र काळं आलं असतं. बंद टीव्हीचं चित्र काळंच असतं, पण हे सुचायलाही मला दोन वर्षं लागली.

आक्कांच्या घरी मी त्यानंतर दोनदा जाऊन आलो. पहिल्यांदा माफी मागायला, तर त्यांना कसली माफी ते आठवत नव्हतं किंवा आठवत नाही असं त्यांनी दाखवलं. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा सात वाजून गेले होते. टीव्ही पूर्ण आवाजात चालू होता. मला बघून त्यांनी रिमोट शोधायला सुरुवात केली, मी म्हटलं राहू दे. मग त्यांनी मला त्या मालिकेत आतापर्यंत काय काय झालं ते सांगितलं, कोण कुणाची सून, कुणी कुणाची सही खोटी केली. बरंच होतं. साडेआठ वाजले.